नाव एक, खाती अनेक : श्री टेंबे स्वामी महाराजांचे चरित्रस्मरण

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या अंकासाठी यंदा टेंबे स्वामी महाराजांवर लिहा, असं मंडळातल्या मंडळींनी सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मी काही विद्वान नाही. बी.कॉम. झालो, चौतीस वर्षं बँकेत कारकुनी केली आणि आता सकाळी देवळात येऊन बसतो, एवढीच माझी पात्रता. पण घरी आल्यावर विचार केला. महाराजांचं आणि माझं नाव एकच आहे. माझं नावही वासुदेव. ते नाव मला महाराजांवरूनच ठेवलं, आणि सहासष्ट वर्षं मी ते वापरतो आहे. वापरलेल्या वस्तूचा हिशेब कधीतरी द्यावाच लागतो. म्हणून लिहायला बसलो.

माझ्या आजीचं माहेर पवनीचं. नागपूरहून उमरेड, भिवापूर करत एस.टी.नं गेलं की वैनगंगेच्या काठी हे गाव लागतं. १९०९ साली महाराजांचा चातुर्मास पवनीला झाला. आजी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. गर्दीत मोठ्या माणसांच्या मधून तिला महाराजांचा चेहरा काही दिसला नाही. तिला दिसले ते फक्त पाय. अनवाणी, भेगाळलेले, चिखलानं भरलेले. पुढे सत्तर वर्षं ती तेवढंच सांगायची. मी जन्मलो तेव्हा तिनं हट्ट धरला, की पोराचं नाव वासुदेवच ठेवायचं.

लहानपणी मात्र ह्या नावानं मला फार छळलं. पहाटे मोरपिसांची उंच टोपी घालून, टाळ-चिपळ्या वाजवत वासुदेव दारावर यायचा. आई सुपातून धान्य घालायची आणि आमच्या महालातली पोरं माझ्याकडे बोट दाखवून हसायची. शाळेतही तेच. गुरुजींनी हजेरी घेतली की मागच्या बाकावरून कोणीतरी चिपळ्यांचा आवाज काढायचा. एकदा रडत घरी आलो, तर आजीनं मला मांडीवर घेतलं. म्हणाली, की तो दारावर येणारा आणि आपले स्वामी ह्या दोघांत फरक तो काय? दोघंही पायी हिंडणारे, दोघंही भिक्षेवर राहणारे, दोघंही झोपलेल्याला जागं करणारे. त्या दिवसापासून मला नावाची लाज वाटेनाशी झाली. पण नाव म्हणजे काय, हे कळायला पुढे फार वर्षं लागली.

आता महाराजांचं चरित्र. आपल्यापैकी बऱ्याच जणांना ते पाठ आहे. तरी थोडक्यात उजळणी करतो.

श्रावण वद्य पंचमी, शके १७७६, म्हणजे १३ ऑगस्ट १८५४. त्या दिवशी सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या माणगावी गणेशभट आणि रमाबाई टेंबे यांच्या पोटी महाराजांचा जन्म झाला. तेव्हा हा मुलूख सावंतवाडी संस्थानात होता. आजोबा हरिभट. घरी गरिबी, पण वेद आणि दत्तउपासना ही दोन धनं पिढीजात. वडिलांनी गाणगापूरला राहून कित्येक वर्षं श्रीगुरूंची सेवा केली होती. गावकऱ्यांच्या नजरेत असा संसारी माणूस म्हणजे घर सोडून बसलेला माणूस. त्याच माणसाच्या घरी हे रत्न आलं.

आठव्या वर्षी मुंज झाली. पाठांतर इतकं लख्ख, की तरुणपणीच दशग्रंथी वैदिक म्हणून नाव झालं. ज्योतिष आलं, वैद्यक आलं, संस्कृत काव्य तर हाताखालीच होतं. एकविसाव्या वर्षी लग्न झालं. पत्नीचं नाव अन्नपूर्णाबाई. पण जीव लागला होता नरसोबाच्या वाडीला. माणगावाहून घाट चढून पायी वाडीला जायचं, तिथं गोविंदस्वामींच्या सहवासात राहायचं, परत यायचं, असा क्रम सुरू झाला. शेवटी दत्तप्रभूंची आज्ञा झाली आणि १८८३ साली वैशाखात माणगावलाच दत्तमंदिर उभं राहिलं. सात वर्षं तिथं देव आणि भक्त एकत्र नांदले. लोकांची रीघ लागली. दुसरा कोणी असता तर तिथंच गादी घालून बसला असता. महाराजांना आज्ञा झाली, निघा. १८८९ साली पत्नीला बरोबर घेऊन ते निघाले. मंदिर, मान, माणसं, सगळं मागं ठेवून. चालतं खातं कोणी असं बंद करतं का हो? मी तरी आयुष्यात पाहिलं नाही.

पुढची दोन वर्षं वाडीत आणि तीर्थाटनात गेली. संसारात एक मूल झालं, तेही मृत. १८९१ साली हे दोघं गोदावरीच्या काठी गंगाखेडला आले. तिथं अन्नपूर्णाबाईंना पटकी झाली आणि वैशाख वद्य चतुर्दशीला त्या गेल्या. परक्या गावात, प्रवासात. महाराजांनी त्यांचं उत्तरकार्य यथासांग केलं आणि ते संपताच तिथंच गोदातीरी संन्यास घेतला. मग उज्जैनला जाऊन नारायणानंद सरस्वतींकडून दंड घेतला आणि वासुदेवशास्त्री टेंबे हे श्रीवासुदेवानंद सरस्वती झाले.

ह्या ठिकाणी मी चरित्र वाचताना नेहमी थांबतो. आपण म्हणतो, महाराजांनी संसार सोडला. पण क्रम पाहा. त्यांनी संसार टाकून दिलेला नाही. बायको असेपर्यंत तिला बरोबर घेऊन चालले. तिचं शेवटचं सगळं स्वतःच्या हातानं केलं आणि मगच भगवी वस्त्रं घेतली. आधीच्या खात्यातलं देणं पूर्ण फेडल्याशिवाय नवं खातं उघडलं नाही.

त्यानंतरची तेवीस वर्षं म्हणजे नुसतं चालणं. उज्जैन, बद्रीकेदार, गंगोत्री, हरिद्वार, द्वारका, तंजावर, कृष्णाकाठचं मुक्त्याळा, आपलं पवनी, कुरवपूर. भारताचा नकाशा समोर ठेवून ह्या गावांवर बोट फिरवून पाहा. रेल्वे सुरू झालेली होती, पण महाराज वाहनात बसले नाहीत. पायात काही घातलं नाही. पैशाला हात लावला नाही. अंगावर छाटी, हातात दंड-कमंडलू आणि बरोबर पोथ्या. भिक्षा मिळाली तर घ्यायची, नाही मिळाली तर उपास. स्नान, संध्या, जप, दंडतर्पण ह्यातलं काहीही तापात, थंडीत, पावसात चुकलं नाही. संग्रहणीनं शरीर पोखरून काढलं होतं, तरी नियम सुटला नाही. चूक झाली असं वाटलं तर आधी स्वतःला प्रायश्चित्त, मग दुसऱ्याला उपदेश.

आणि ह्या चालण्यातच केवढं लिहून झालं! संस्कृत द्विसाहस्री गुरुचरित्र, दत्तपुराण, मराठीत दत्तमाहात्म्य, सप्तशती गुरुचरित्र, लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना वागणूक शिकवणारे शिक्षाग्रंथ, असंख्य स्तोत्रं. आपण रोज संध्याकाळी आरतीनंतर करुणात्रिपदी म्हणतो, ती महाराजांचीच. संकटात म्हणतो ते घोरकष्टोद्धरण स्तोत्रही त्यांचंच. देवळात भजनाला उभं राहिल्यावर जो अठरा अक्षरी नाममंत्र आपोआप तोंडात येतो, तोही महाराजांनीच आपल्या तोंडी घातला.

आपल्या विदर्भावर तर महाराजांचं फारच मोठं ऋण आहे. श्रीपाद श्रीवल्लभांचं जन्मस्थान आंध्रातलं पिठापूर आणि श्रीनृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान आपल्या वऱ्हाडातलं लाड कारंजे, ही दोन्ही स्थानं भक्तांना निश्चितपणे दाखवून दिली ती महाराजांनी. पुढे १९३४ साली ब्रह्मानंद सरस्वतींनी कारंज्याला गुरुमंदिर स्थापन केलं आणि आज आपण सगळे तिथं जातो.

सारख्या नावाचा घोटाळा काय असतो, हे मला ह्या कारंज्यानंच शिकवलं. कॉलेजात असताना आजीला घेऊन मी पहिल्यांदा निघालो. नागपूरहून अमरावती रोडवर दीड-दोन तासांत कंडक्टर ओरडला, कारंजा, कारंजा. मी आजीला घेऊन उतरलो. पानठेल्यावर गुरुमंदिर विचारलं तर माणूस आमच्याकडे बघतच राहिला. ते होतं वर्धा जिल्ह्यातलं कारंजा घाडगे! आपल्याला जायचं होतं वाशिमकडच्या कारंजा लाडला, तिथून आणखी किती तरी लांब. मी शरमलो. आजी मात्र शांतपणे पिशवीतली दशमी काढून झाडाखाली बसली. तिचं म्हणणं, नाव वाचून उतरणारे तुझ्यासारखे पुष्कळ असतात. गाव ओळखणारा एखादाच. तेवढ्यासाठी स्वामींना यावं लागलं.

गावांचं जे, तेच माणसांचं. दत्तसंप्रदायात नृसिंह सरस्वती हे नावच घ्या. कारंज्याला जन्मलेले, वाडी आणि गाणगापूरला राहिलेले ते श्रीगुरू. त्यांच्यानंतर कित्येक शतकांनी आळंदीला एक नृसिंह सरस्वती होऊन गेले. महाराजांचे शिष्य दीक्षित स्वामी, त्यांचंही संन्यासातलं नाव नृसिंह सरस्वती. पुण्यतिथीच्या याद्या करताना नवखा माणूस हमखास गोंधळतो.

आमच्या वासुदेवांचीही यादी लहान नाही. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवणारे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी आमच्याच गावात राहिले. वाकाटकांचे ताम्रपट वाचून त्यांनी विदर्भाचा विसरलेला इतिहास उभा केला. जगभर ज्यांची चित्रं गाजतात ते वासुदेव गायतोंडे, त्यांचा जन्म १९२४ साली नागपूरचाच. पण ज्या वासुदेवाबद्दल मला ह्या अंकात आवर्जून सांगायचं आहे ते वेगळे. ते महाराजांच्या काळातले, महाराजांसारखेच कोकणातले आणि महाराजांसारखेच दत्तउपासक. वासुदेव बळवंत फडके.

फडक्यांना आपण आद्य क्रांतिकारक म्हणून ओळखतो. ते दत्तभक्त होते हे फारसं कोणी सांगत नाही. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी पनवेलजवळच्या शिरढोणला त्यांचा जन्म झाला. म्हणजे महाराजांपेक्षा नऊ वर्षांनी मोठे. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. वासुदेव बळवंत मात्र पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून झाले. कारकून! ह्या एका शब्दानं ते मला जवळचे वाटतात. पंधरा वर्षं ते सरकारच्या वह्या लिहीत होते. घरी आई आजारी पडली, रजा मागितली, रजा मिळाली नाही. शेवटी तसेच गावी गेले, तर आई गेलेली होती. वर्षश्राद्धालाही रजा नाही. ज्यानं कधी नोकरी केली आहे त्याला विचारा, हा घाव किती खोल जातो ते.

त्यांनी मित्रांच्या साहाय्यानं पुण्यात शाळा काढली. तीच संस्था आज महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी म्हणून उभी आहे. लहुजी वस्तादांच्या आखाड्यात दांडपट्टा, तलवार शिकले. १८७६-७७ च्या दुष्काळात माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली, ते पाहून त्यांनी शस्त्र उचलायचं ठरवलं. भक्तमंडळींत एक गोष्ट सांगतात, की बंडाआधी ते अक्कलकोटला स्वामी समर्थांच्या दर्शनाला गेले आणि आपली तलवार स्वामींच्या पुढे ठेवली. स्वामींनी ती परत हातात दिलीच नाही, झाडावर ठेवायला लावली. अजून वेळ आलेली नाही, असा त्याचा अर्थ. फडक्यांनी नमस्कार केला, पण ठरवलेलं सोडलं नाही. फेब्रुवारी १८७९ मध्ये रामोशी साथीदारांना घेऊन त्यांनी बंडाला सुरुवात केली.

पुढचं आपल्याला माहीत आहे. बरोबरच्या माणसांचं लक्ष स्वराज्यापेक्षा लुटीवर आहे हे पाहून त्यांचं मन मोडलं. तेव्हा ते कुठे गेले? श्रीशैल मल्लिकार्जुनाला. नृसिंह सरस्वतींनी आपला अवतार जिथं संपवला, त्याच श्रीशैलाला. तिथं देह ठेवायचा त्यांचा विचार होता. त्या देवळात बसून त्यांनी आपली हकीकत लिहून काढली. काय केलं, कुठे फसलो, कोणाचा भरवसा धरला, सगळं. आणि पुन्हा उठून कामाला लागले. त्याच वर्षी जुलैत आजच्या विजयपूर जिल्ह्यातल्या देवर नावडगीजवळ थकून झोपलेले असताना पकडले गेले. पुण्यात खटला चालला. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, त्यांच्या बाजूनं उभे राहिले. जन्मठेप झाली आणि एडनला रवानगी झाली. ऑक्टोबर १८८० मध्ये कोठडीचं दार बिजागरीतून उखडून ते पळाले आणि पुन्हा धरले गेले. मग हाल, क्षय, अन्नत्याग. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांनी प्राण सोडला. वय सदतीस.

आता तारखा जुळवून पाहा. मी बँकेतला माणूस, तारखा जुळवायची सवयच आहे. १८८३ च्या फेब्रुवारीत एका वासुदेवानं समुद्रापलीकडे, नात्यागोत्याचं कोणी जवळ नसताना डोळे मिटले. त्याच वर्षी वैशाखात दुसऱ्या वासुदेवानं माणगावला दत्तप्रभूंची स्थापना केली. एकाचा सदतिशीत देह गेला. दुसऱ्याचा सदतिसाव्या वर्षी संसार गेला आणि तो संन्यासी होऊन चालू लागला. एकाला नियतीनं पायात बेडी घालून बंद केलं, तर दुसऱ्याला आज्ञा झाली की एका जागी थांबूच नकोस.

दोघांची भेट झाली असं मी कुठे वाचलेलं नाही. मार्गही अगदी उलटे. एकाच्या हातात तलवार, एकाच्या हातात दंड. मग दोघांत सारखं काय? नाव तर आहेच, पण नावापेक्षा मोठी गोष्ट अशी, की दोघांनीही जे कबूल केलं ते पुरं केलं आणि आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारली नाही. फडके श्रीशैलावर बसून स्वतःचा हिशेब लिहितात आणि महाराज आधी स्वतः प्रायश्चित्त घेतात. हे मी इतकं ठासून का लिहितो, त्याला कारण आहे. ते सांगायचं म्हणूनच मी लेखाला हो म्हटलं.

१९८० नंतरची गोष्ट. बँकेत तेव्हा कॉम्प्युटर नव्हते. जाडजूड लेजर, आणि आम्ही हातानं नोंदी करायचो. आमच्या शाखेत एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दोन खातेदार होते. एक शाळामास्तर, एक गिरणीतून निवृत्त झालेला कामगार. वडिलांचं नाव वेगळं, खाते नंबर वेगळा. नोंद करण्याआधी नंबर ताडून पाहायचा, हा पहिला धडा. एका शनिवारी घाईत मी तो धडा विसरलो. कामगाराच्या हिशेबाचा चेक मास्तरांच्या खात्यात जमा करून मोकळा झालो.

कामगाराच्या मुलीचं लग्न चार दिवसांवर होतं. तो पैसे काढायला आला, खात्यात पैसे नाहीत. दुसऱ्या दिवशी आला, तेच. तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला लेजर घेऊन आत बोलावलं. चूक माझी होती, हे मला पान उघडताच दिसलं. बढतीची यादी लागायची होती. मी म्हणालो, की भरणा स्लिपवरच नंबर चुकीचा लिहिलेला होता. स्लिप शोधायला कोणी गेलं नाही. पैसे लगेच खात्यात फिरवले, काम झालं. पण तो माणूस, ज्याला धड लिहिता-वाचता येत नव्हतं, माझ्या टेबलाशी आला. हात जोडून म्हणाला, की बाबूजी, माझ्या चुकीमुळे तुम्हाला त्रास झाला, माफ करा. मी मान हलवली. हो, मी मान हलवली, आणि पुढचा व्हाउचर घेतला.

भागवतात पौंड्रकाची कथा आहे. करूष देशाचा हा राजा. त्यानं खोटा शंख, खोटं चक्र, सगळा थाट केला आणि द्वारकेला दूत पाठवला, की खरा वासुदेव मीच, तुझं ते नाव सोड. यादवांच्या सभेत हसू पिकलं. शेवटी श्रीकृष्णाच्या सुदर्शनानं त्याचा निकाल लागला. कीर्तनात ही कथा आली की लोक हसतात. मला हसू येत नसे. नाव वासुदेव, रोज गुरुचरित्राचं वाचन, कपाळाला अष्टगंध, आणि एका गरिबाला न केलेल्या चुकीची माफी मागायला लावलेली. पौंड्रक आणखी वेगळा काय होता?

बढती मिळाली नाही, ती गोष्ट वेगळी. वर्षं गेली. निवृत्तीनंतर एका चातुर्मासात मी एकटाच पवनीला गेलो. वैजेश्वराच्या घाटावर बसलो होतो, वैनगंगा दुथडी भरलेली. आजीला दिसलेले पाय आठवले. दुसऱ्याच्या दारी न सांगता येणारे, आणि आले की काही न मागणारे पाय. मनात आलं, महाराज एवढा मुलूख अनवाणी चालले आणि आपल्याला नागपुरातल्या नागपुरात एका घरापर्यंत चालवत नाही.

परत आल्यावर शोध घेतला. तो कामगार वारला होता. मुलगी, जिच्या लग्नाचे ते पैसे होते, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, तिचीही आता नातवंडं झाली. मी गेलो आणि सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, की बाबा तर मरेपर्यंत सांगत होते, लग्नाच्या वेळी बँकेतल्या एका बाबूनं पैसे लगेच मिळवून दिले, देव त्याचं भलं करो. हे ऐकून मला वर पाहवेना. ती उठली, चहा ठेवला. जाताना म्हणाली, की आज दिवा लावताना बाबांना सांगते. माफ केलं, असं ती म्हणाली नाही. मीही मागितलं नाही. जे देणं तीस-पस्तीस वर्षं थकलं, ते एका चहानं फिटत नाही, एवढं मला बँकेनं शिकवलं आहे.

महाराजांनी शेवटचा मुक्काम नर्मदाकाठी गरुडेश्वरला केला. देह अगदी झिजला होता, पण नित्यकर्म चालूच. आषाढ शुद्ध प्रतिपदा, शके १८३६, म्हणजे १९१४ साली महाराजांनी तिथं देह ठेवला. साठावं वर्ष चालू होतं. मागं संपत्ती काही नव्हती. मागं राहिले ते ग्रंथ आणि माणसं. दीक्षित स्वामी, योगानंद सरस्वती, गुळवणी महाराज, रंगावधूत महाराज, एकेक दीपस्तंभ. गुळवणी महाराजांच्या पुण्यातल्या आश्रमाला सद्गुरूंचंच नाव आहे, वासुदेव निवास. एका माणसाचं नाव शेकडो माणसांचं घर झालं.

आपल्या देवळात दत्तजयंतीला पाळणा होतो, बारशी होतात. हल्ली मुलांची नावं इंटरनेटवरून शोधतात, त्यालाही माझी हरकत नाही. पण कोणी आपल्या नातवाचं नाव दत्तात्रेय, श्रीपाद, नरहरी, वासुदेव ठेवलं, तर त्याला हे चरित्र आवर्जून सांगावं. खात्यावर नाव मोठं असून भागत नाही. जमेच्या बाजूला काय पडतं ते रोज रात्री झोपताना पाहावं लागतं. चूक दिसली तर त्याच दिवशी दुरुस्त करावी. उशिरा केली तरी ती करावीच, फक्त व्याज फार लागतं.

परवा सकाळी देवळाबाहेर बऱ्याच वर्षांनी मोरपिसांची टोपी घातलेला एक वासुदेव दिसला. त्यानं माझ्या पूर्वजांची नावं विचारली, दान पावल्याचं गाण्यासाठी. मी वडिलांचं सांगितलं, आजोबांचं सांगितलं, मग आजीचं सांगितलं. त्यानं शेवटी माझं नाव विचारलं. वासुदेव, असं मी सांगितलं तेव्हा तो हसला, आणि मीही.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त.